गो भाषेने फॉर लूपचा अर्थ बदलला, तो कसा

29 फेब्रुवारी 2020, शनिवार. वेबसाइटना फुकट सुरक्षा प्रमाणपत्रं देणाऱ्या 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेच्या लक्षात आलं की आपल्या सॉफ्टवेअरमध्ये गेले सात महिने एक चूक ठाण मांडून बसली आहे. एखाद्या डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या नावाचा, मालक डीएनएसमध्ये (इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीत) नोंद करून ठेवू शकतो, की माझ्या नावाचं प्रमाणपत्र फक्त अमुक संस्थेनेच द्यावं. या नोंदीला सीएए म्हणतात. प्रमाणपत्र देण्याआधीच्या आठ तासांत ही नोंद तपासलेली असावी लागते. एका प्रमाणपत्रात दहा नावं असतील आणि त्यांची तपासणी जुनी झाली असेल, तर दहाही नावं पुन्हा तपासायची. लेट्स एन्क्रिप्टचं 'बोल्डर' हे सॉफ्टवेअर काय करत होतं, तर त्यातलं एकच नाव उचलून तेच दहा वेळा तपासत होतं. बाकीची नऊ तशीच पुढे.

30,48,289 प्रमाणपत्रं रद्द करावी लागतील असं जाहीर झालं, तेही पाच दिवसांत. जगभरच्या सिस्टम अ‍ॅडमिन लोकांची त्या आठवड्यात झोप उडाली. शेवटी 17 लाखांहून अधिक प्रमाणपत्रं मुदतीत रद्द झाली. उरलेल्यांना लगेच हात लावला तर चालू वेबसाइट बंद पडतील, म्हणून ती तेव्हा तशीच राहू दिली.

मूळ कारण काय, तर गो या प्रोग्रॅमिंग भाषेतलं एक फॉर लूप, म्हणजे तेच काम यादीतल्या एकेका गोष्टीसाठी पुन्हा पुन्हा करणारा कोड. ज्यांनी ते लिहिलं ते काही नवशिके नव्हते. गो शिकवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक लेखात या खड्ड्याबद्दल सावध केलेलं असायचं, आणि तरी वर्षानुवर्षं अनुभवी माणसं त्यात पडत राहिली. शेवटी फेब्रुवारी 2024 मध्ये, गो 1.22 या आवृत्तीत, भाषेनेच तो खड्डा बुजवला. म्हणजे आधीपासून लिहिलेल्या, कोट्यवधी ओळींमध्ये पसरलेल्या फॉर लूपचा अर्थच बदलला. मला त्या दुरुस्तीपेक्षा ती ज्या पद्धतीने केली तीच जास्त महत्त्वाची वाटते. अर्थ बदलायचा, पण कुणाचा चालू प्रोग्रॅम मोडायचा नाही, हे जमवायला गोच्या लोकांनी आधी साधनं बदलली आणि मग भाषा.

खड्डा नेमका कुठे होता

समजा तुमच्याकडे तीन नावांची यादी आहे: पुणे, सातारा, कराड. लूप लावून प्रत्येक नावासाठी एक गोरूटीन सुरू करायचं, म्हणजे बाजूला समांतर चालणारं छोटंसं काम. त्या कामाने आपल्याला मिळालेलं नाव छापायचं. बघणाऱ्याला वाटेल, क्रम मागेपुढे होईल, पण तिन्ही नावं एकेकदा छापली जातील. गो 1.21 पर्यंत बहुतेक वेळा छापलं जायचं ते असं: कराड, कराड, कराड.

असं का, तर लूपमधलं व्हेरिएबल, म्हणजे किंमत ठेवायची नाव दिलेली जागा, पूर्ण लूपभर एकच असायचं. एकच पाटी, तिच्यावर 'पुणे' लिहिलं, पुसलं, 'सातारा' लिहिलं, पुसलं, 'कराड' लिहिलं. तिन्ही गोरूटीनना आपण नाव दिलेलंच नसतं, 'पाटीवर बघ' एवढंच सांगितलेलं असतं. ती कामं प्रत्यक्ष बघायला जाईपर्यंत लूप संपलेलं असतं आणि पाटीवर शेवटचं नाव असतं. गोरूटीनच हवं असंही नाही. लूपमध्ये व्हेरिएबलचा मेमरीतला पत्ता घेऊन तो कुठे साठवून ठेवला, तरी गोष्ट तीच. बोल्डरमध्ये हेच झालं होतं: प्रत्येक नोंदीचा पत्ता म्हणून त्याच एका पाटीचा पत्ता पुढे गेला.

यावरचा जुना तोडगा बघून नवीन माणूस हमखास चक्रावायचा. लूपच्या आत पहिल्याच ओळीत लिहायचं: व्ही := व्ही. म्हणजे बाहेरच्या व्हीची एक ताजी प्रत आत काढायची आणि तिलाही व्हीच म्हणायचं. दुसऱ्या भाषेतून आलेल्या कुणीतरी 'ही ओळ काहीच करत नाही' म्हणून ती काढून टाकायची, टेस्ट (कोड नीट चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम) पास व्हायच्या, आणि तीन आठवड्यांनी प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरतात तिथे, विचित्र काहीतरी दिसायचं. उलट बाजूने, एकदा पोळलेले लोक गरज नसलेल्या लूपमध्येही ही ओळ घालत सुटायचे. कोड रिव्ह्यूमध्ये ती कुठे हवी आणि कुठे नको यावर घातलेला वेळ एकत्र मोजला, तर गोच्या नावावर बरंच कर्ज निघेल.

गोसोबत येणारं 'व्हेट' नावाचं तपासनीस साधन यातले काही प्रकार पकडायचं, पण काहीच. गोरूटीन लूपच्या अगदी शेवटी सुरू होत असेल तर पकडायचं. त्यानंतर आणखी एखादी ओळ असली की त्याला खात्री नसायची, आणि खात्री नसताना खोटी तक्रार करायची नाही असं त्याचं धोरण. त्यामुळे जे अवघड, तेच निसटायचं.

सगळ्यात गमतीशीर प्रकार टेस्टमध्ये दिसायचा. गोमध्ये टेस्टचे अनेक नमुने एका यादीत लिहून लूपने चालवायची पद्धत आहे, आणि त्या एकाच वेळी समांतर चालवता येतात. समांतर चालवल्या की प्रत्यक्ष काम लूप संपल्यावर होतं. म्हणजे यादीत वीस नमुने असले तरी विसाव्या नमुन्याचीच तपासणी वीस वेळा व्हायची आणि हिरवं चिन्ह दिसायचं. 'सगळे आकडे सम आहेत का' ही टेस्ट 1, 2, 4, 6 या यादीवर पास झालेली तुम्ही बघू शकला असता, कारण शेवटचा 6 आहे.

मग इतकी वर्षं दुरुस्त का केलं नाही

गो ही गूगलमध्ये 2007 साली रॉबर्ट ग्रीझमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांनी सुरू केलेली भाषा. नोव्हेंबर 2009 मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि मार्च 2012 मध्ये गो 1 आली. गो 1 सोबत एक वचन आलं: आज गो 1 साठी लिहिलेला कोड पुढच्या गो 1.काहीतरीमध्येही तसाच कंपाइल होईल (मशिनला चालवता येईल अशा रूपात बदलेल) आणि तसाच चालेल. 2015 पासून दर फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास नवी आवृत्ती येते, आणि हे वचन बऱ्यापैकी पाळलं गेलं आहे. डॉकर, कुबरनेटीस, टेराफॉर्म, प्रोमिथियस अशी सर्व्हर चालवण्याची आणि सांभाळण्याची साधनं गोमध्ये उभी राहिली, त्यात या वचनाचा वाटा मोठा आहे.

वचन मोडल्यावर काय होतं, याचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. पायथन 3 डिसेंबर 2008 मध्ये आली, ती पायथन 2 शी जाणूनबुजून विसंगत होती. पायथन 2 चा आधार 1 जानेवारी 2020 ला थांबला. म्हणजे अकरा वर्षं लोक दोन भाषांमध्ये एक एक पाय ठेवून उभे होते. लायब्ररी या बाजूची, प्रोग्रॅम त्या बाजूचा, मधे सांधे जुळवणारी साधनं. गोच्या चमूला ते नको होतं. ऑगस्ट 2023 मध्ये, तेव्हा गोचे तांत्रिक प्रमुख असलेल्या रस कॉक्स यांनी लिहूनच टाकलं, की गो 1 चे प्रोग्रॅम मोडणारी गो 2 कधीच येणार नाही.

आता अडचण बघा. लूपचा अर्थ बदलला तर वचन मोडतं. नाही बदलला तर माणसं पडत राहतात. वाट मधली होती, आणि ती प्रत्येक गो प्रकल्पात आधीच पडून असलेल्या एका ओळीत सापडली.

गो डॉट मॉडमधली एक ओळ

गोच्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये, म्हणजे एकत्र प्रसिद्ध होणाऱ्या कोडच्या गठ्ठ्यात, 'गो डॉट मॉड' नावाची छोटी फाइल असते. मॉड्यूलचं नाव काय, त्याला कुठल्या लायब्ररी लागतात, हे तिच्यात लिहिलेलं असतं. 2019 च्या गो 1.12 पासून तिच्यात आणखी एक ओळ आली: गो 1.12, गो 1.18, असं काहीतरी. अर्थ असा की हा कोड भाषेच्या अमुक आवृत्तीत लिहिला आहे. बरीच वर्षं या ओळीकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

1.22 मध्ये ठरलं ते असं: ज्या मॉड्यूलच्या गो डॉट मॉडमध्ये 1.22 किंवा त्यापुढची आवृत्ती लिहिली आहे, त्याच्या लूपमध्ये दर फेरीला नवं व्हेरिएबल. ज्याच्यात 1.21 किंवा जुनी लिहिली आहे, त्याच्या लूपमध्ये जुनाच अर्थ. कंपायलर एकच, नवा. पण तुमचा प्रोग्रॅम नव्या नियमाने आणि तुम्ही वापरत असलेली 2019 ची लायब्ररी जुन्या नियमाने, अशी एकाच वेळी, एकाच बायनरीत, म्हणजे तयार प्रोग्रॅममध्ये, कंपाइल होतात. लायब्ररीच्या लेखकाने काही करायला नको, तुम्ही त्याच्या मागे लागायला नको. पायथनच्या वेळी जे जमलं नव्हतं, ते बरोबर हेच: जुनं आणि नवं एका छपराखाली.

आकडे मोजणाऱ्या, तीन भागांच्या फॉर लूपलाही हाच नियम लागू झाला. तिथे थोडी कसरत आहे. तिथे फेरी संपता संपता व्हेरिएबलची नवी प्रत काढली जाते आणि एक वाढवण्याचं काम त्या नव्या प्रतीवर होतं, म्हणून मागच्या फेरीत कुणी पत्ता धरून ठेवला असेल तर त्याचा आकडा जागचा हलत नाही. सी शार्प या भाषेनेही 2012 साली पाचव्या आवृत्तीत असा बदल केला होता, पण तो फक्त फॉरईचपुरता, म्हणजे यादीवरून फिरणाऱ्या लूपपुरता. गोने दोन्हीकडे केला. दर फेरीला नवं व्हेरिएबल म्हणजे वेग कमी होईल अशी शंका येते, पण जिथे पत्ता बाहेर जात नाही तिथे कंपायलर पूर्वीसारखंच एका जागेत भागवतो. बहुतेक लूप असेच असतात.

इथपर्यंत ऐकायला सोपं वाटतं. पण यात एक भोक होतं, आणि ते बुजवण्यासाठीच 1.22 च्या आधी 1.21 मध्ये साधनांची मोठी दुरुस्ती करावी लागली.

जुन्या कंपायलरचं काय करायचं

2023 च्या आधी ती गोची ओळ नुसती सूचना होती. तुमच्याकडे गो 1.19 आहे आणि फाइलमध्ये गो 1.22 लिहिलंय, तर 1.19 म्हणायचं, बघतो प्रयत्न करून. कंपाइल झालं तर झालं. नाही झालं, तर त्रुटीसोबत एक टीप द्यायचं, की हा कोड नव्या आवृत्तीसाठी लिहिलेला आहे. नवं फंक्शन किंवा नवी वाक्यरचना असेल तर हे ठीक आहे, कारण जुना कंपायलर अडखळतोच. लूपच्या बाबतीत मात्र वाक्यरचना तीच आहे, बदलला आहे तो अर्थ. जुना कंपायलर अजिबात अडखळणार नाही. तो नव्या समजुतीने लिहिलेला कोड जुन्या अर्थाने बिनबोभाट कंपाइल करून देईल, आणि कराड कराड कराड पुन्हा सुरू.

म्हणून ऑगस्ट 2023 च्या गो 1.21 मध्ये ती ओळ सक्तीची झाली. फाइलमध्ये लिहिलेली आवृत्ती तुमच्याकडच्यापेक्षा नवी असेल, तर गो कमांड ते मॉड्यूल हातात घेणारच नाही. शिवाय सप्टेंबर 2023 मध्ये 1.20.8 आणि 1.19.13 या जुन्या शाखांच्या छोट्या आवृत्त्यांमध्येही 1.22 चा कोड नाकारण्याची खास सोय घातली गेली. 1.22 बाहेर पडेपर्यंत, अद्ययावत ठेवलेल्या कुठल्याही गोमध्ये नवा कोड जुन्या अर्थाने कंपाइल होण्याची वाट बंद झाली होती. दार लावून मग आत फर्निचर हलवलं, असा हा क्रम होता. भाषा बदलण्याच्या बातम्यांमध्ये हा भाग कुणी फारसा लिहिला नाही; मला तो सगळ्यात हुशार वाटतो.

पण नुसतं 'नाही घेणार' म्हटलं तर लोक वैतागतील. म्हणून 1.21 पासून गो कमांड आणखी एक गोष्ट करते: हवी ती नवी आवृत्ती स्वतःच उतरवून घेते आणि तिच्याने काम करते. लायब्ररी जशी प्रॉक्सीवरून (मधल्या सर्व्हरवरून) येते तशीच ही अख्खी साधनपेटीही येते, आणि तिचा चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, सार्वजनिक नोंदवहीशी ताडून पाहिला जातो. एका प्रकल्पाला 1.21 हवी, दुसऱ्याला 1.23, तर तुम्ही हाताने काहीच बदलायचं नाही.

इथे मात्र माझी तक्रार आहे, आणि ती माझ्या एकट्याची नसावी. बंद नेटवर्कमध्ये काम करणाऱ्या जागा असतात, जिथे बिल्ड करणाऱ्या, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार करणाऱ्या, मशिनला इंटरनेट नसतं आणि कुठलं साधन वापरायचं हे सुरक्षा विभाग ठरवतो. अशा एका ठिकाणी मी पाहिलंय: कुणीतरी एक लायब्ररी अद्ययावत केली, त्या लायब्ररीच्या गो डॉट मॉडमध्ये नवीन आकडा होता, त्यामुळे आपल्या फाइलमधला आकडाही आपोआप वर सरकला, आणि रात्रीचं बिल्ड बाहेरच्या सर्व्हरकडे हात पसरून उभं. त्रुटीचा संदेश नेटवर्कचा, कारण भलतंच. यावर उपाय आहे: 'गोटूलचेन' हे सेटिंग 'लोकल' केलं की गो आपलं आपण काही उतरवत नाही, सरळ नाही म्हणते. बिल्ड सर्व्हरवर हे पहिल्या दिवशीच करून ठेवावं.

आणि लायब्ररी लिहिणाऱ्यांना एक विनंती. गरज नसताना गोच्या ओळीत ताज्यातला ताजा आकडा टाकू नका. तुम्ही 1.24.3 लिहिलंत की तुमच्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येकाला तिथे यावंच लागतं, मग तुम्ही त्या आवृत्तीतलं काही वापरलं असो वा नसो.

याच आकड्यांवरून एक गोंधळ बरेच दिवस चालला. 1.21 पासून ओळीत तीन भागांचा आकडा चालतो, 1.21.0 असा. आधीच्या गोला दोनच भाग कळायचे. 1.21.0 दिसलं की ती म्हणायची, आवृत्ती चुकीची, 'फॉरमॅट 1.23' प्रमाणे हवी. त्या संदेशातलं 1.23 म्हणजे नुसता नमुना होता, एक टिंब दोन तीन. लोकांनी तो खरा आकडा समजून फाइलमध्ये 1.23 घातलं, तेव्हा ती आवृत्ती जन्मालाही आलेली नव्हती. ती ऑगस्ट 2024 मध्ये आली.

मोडलंच तर शोधायचं कसं

आता व्यवहाराचा भाग. तुम्ही गो डॉट मॉडमधला आकडा 1.20 वरून 1.22 केला आणि एक टेस्ट पडली. प्रकल्पात चार हजार लूप आहेत. कुठलं?

त्यासाठी 'बायसेक्ट' नावाचं साधन दिलं आहे आणि त्याची कल्पना सुंदर आहे. कंपायलर नवा नियम प्रत्येक लूपसाठी स्वतंत्रपणे चालू किंवा बंद ठेवू शकतो. बायसेक्ट निम्म्या लूपवर नवा नियम लावून टेस्ट चालवतं. पडली, तर दोषी त्या निम्म्यात. नाही पडली, तर दुसऱ्या निम्म्यात. चार हजाराचे दोन हजार, एक हजार, पाचशे, असं करत बारा-तेरा पायऱ्यांत ते तुम्हाला नेमकी फाइल आणि ओळ सांगतं: या लूपचा अर्थ बदलला म्हणून ही टेस्ट पडते. तुम्ही डोकं न खाजवता, चहा पीत असताना.

सापडलेलं लूप बघितलं की बहुतेक वेळा कळतं, टेस्टच आधीपासून खोटी होती. वर सांगितलेली समांतर टेस्ट: वीसपैकी एकोणीस नमुने कधी तपासलेच नव्हते, आता पहिल्यांदा तपासले आणि त्यातले दोन चुकले. म्हणजे बदलाने काही मोडलं नाही, मोडलेलं दाखवलं. गूगलने आपल्या सगळ्या कोडवर हा नियम मे 2023 पासूनच चालू केला होता, आणि टेस्ट दुरुस्त केल्यानंतरच्या महिन्यांत प्रॉडक्शनमध्ये एकही तक्रार आली नाही, असं त्यांनी जाहीर केलं. जुन्या अर्थावर जाणूनबुजून अवलंबून असलेला कोड जवळपास नसतोच. असेल तर त्या एका लूपमध्ये व्हेरिएबल बाहेर घोषित करायचं आणि विषय संपला.

भाषा तीच, वागणूक वेगळी

लूपचा बदल कंपाइल करताना ठरतो, त्यामुळे तो मॉड्यूलगणिक वेगळा ठेवता आला. पण काही बदल प्रोग्रॅम चालताना दिसतात, स्टँडर्ड लायब्ररीच्या आत होतात, आणि ती लायब्ररी अख्ख्या प्रोग्रॅमला एकच असते. तिथे काय करायचं?

हा प्रश्न पोकळ नाही. गो 1.6 मध्ये सॉर्टिंग वेगवान केलं, तर समान असलेल्या घटकांचा आपसातला क्रम बदलला. असा क्रम राहील असं वचन कुणी दिलंच नव्हतं, पण टेस्टमध्ये तो क्रम धरून चाललेल्यांच्या टेस्ट पडल्या. गो 1.17 ने आयपी पत्त्यात आकड्याआधी शून्य असेल तर तो पत्ता नाकारायला सुरुवात केली. 010 म्हणजे दहा की आठ? गो दहा समजत होती, सी भाषेमध्ये लिहिलेली बरीच सॉफ्टवेअर अष्टमान पद्धतीने आठ. एकाने तपासायचं आणि दुसऱ्याने जोडणी करायची असेल, तर या मतभेदातून चोर शिरतो. त्यामुळे नाकारणं योग्यच. पण कुबरनेटीसच्या वापरकर्त्यांनी असे पत्ते जतन करून ठेवलेले होते, म्हणून त्या प्रकल्पाला जुन्या पद्धतीने पत्ता वाचणाऱ्या कोडची स्वतःची प्रत सांभाळावी लागली.

1.21 मध्ये यावर रीतसर व्यवस्था आली. 'गोडीबग' नावाचं सेटिंग आधीपासून होतं. आता ते त्याच गोच्या ओळीला जोडलं. अशा प्रत्येक बदलाला एक कळ, आणि कळीची मूळ स्थिती मुख्य मॉड्यूलच्या ओळीवरून ठरते. मुख्य म्हणजे ज्याच्यातून बायनरी तयार होते ते. लायब्ररीची ओळ इथे धरत नाहीत. कंपायलर नवा घेतला पण ओळ जुनीच ठेवली, तर वागणूक जुनी. अशी कळ किमान दोन वर्षं राहील असंही ठरलं. एखादी जुनी कळ प्रोग्रॅमने प्रत्यक्षात किती वेळा वापरली, हे मेट्रिक्समध्ये मोजता येतं, हा भाग फार उपयोगी आहे. आपण कशावर टेकून उभे आहोत, ते कळतं.

गो 1.23 मधले टायमर याच वाटेने बदलले. आधी चालू टायमर किंवा टिकर (ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा वाजणारा टायमर) वापरून झाल्यावर थांबवायला विसरलात, तर त्याची मेमरी अडकून राहायची, टिकरची तर कायमचीच. 1.23 पासून कुणी वापरत नसेल तर मेमरीतला कचरा गोळा करणारा गोचा भाग त्याला उचलून नेतो. फक्त ओळ 1.23 असली पाहिजे.

ऑगस्ट 2025 च्या गो 1.25 मधला बदल मात्र पैशात मोजता येईल असा आहे. गो प्रोग्रॅम सुरू होताना एकाच वेळी किती थ्रेडवर, म्हणजे समांतर धाग्यांवर, काम चालवायचं हे ठरवतो, आणि तो आकडा मशिनच्या एकूण कोअरवरून घ्यायचा. आता समजा मशिन 40 कोअरचं आहे, पण कुबरनेटीसने तुमच्या कंटेनरला, म्हणजे प्रोग्रॅमच्या बंदिस्त कप्प्याला, 2 सीपीयूची मर्यादा घातली आहे. लिनक्स ही मर्यादा 100 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत पाळतो: प्रत्येक तुकड्यात तुम्हाला 200 मिलिसेकंदांचं काम मिळतं. गोला वाटतंय 40 कोअर आपलेच. एकदम काम आलं की 40 थ्रेड पळतात, 5 मिलिसेकंदांत सगळा हिस्सा संपतो आणि उरलेले 95 मिलिसेकंद अख्खा प्रोग्रॅम गोठतो. सीपीयूचा आलेख सरासरीत निवांत दिसतो, आणि ग्राहक म्हणतात साइट अडकते. उबरने यासाठी एक छोटी लायब्ररी बनवली होती आणि लोक ती डोळे झाकून प्रत्येक प्रकल्पात घालायचे. 1.25 पासून लिनक्सवर गो स्वतःच कंटेनरची मर्यादा वाचते, आणि मध्येच मर्यादा बदलली तर आकडाही बदलते. याला अट पुन्हा तीच: गो डॉट मॉडमध्ये 1.25 हवं. कंपायलर नवा आणला, ओळ तशीच राहिली, आणि 'काहीच फरक पडला नाही' म्हणून बसलेले लोक याचमुळे असतात.

बाकी नवलाई थोडक्यात. 1.22 पासून 'दहा वेळा कर' एवढं म्हणायला तीन भागांचं लूप लागत नाही, रेंज दहा म्हटलं की पुरतं. त्याच आवृत्तीत वेब सर्व्हरच्या रूटिंगमध्ये, म्हणजे कुठली विनंती कुठल्या फंक्शनकडे जाईल हे ठरवण्यात, मेथड आणि पत्त्यातले बदलते भाग लिहिता येऊ लागले, त्यामुळे लहान कामाला वेगळी राउटर लायब्ररी लागेनाशी झाली. 1.23 ने फंक्शनवरून लूप फिरवण्याची सोय दिली. लायब्ररी लिहिणाऱ्यांना ती आवडली, बाकीच्यांना ती वाचायला अजून जड जाते, मलाही. 1.24 मध्ये मॅपची, म्हणजे नावावरून किंमत शोधायच्या तक्त्याची, आतली रचना नवी झाली आणि वेग थोडा वाढला, त्यासाठी कुणाला काहीच करावं लागलं नाही.

जुना प्रकल्प वर आणायचा असेल तर दोन पावलं वेगळी टाका. आधी फक्त कंपायलर नवा करा, ओळ आहे तिथेच ठेवा, आणि काही दिवस चालू द्या. सगळं शांत असेल तर मग ओळ बदला, स्वतंत्र कमिटमध्ये, तिच्यासोबत दुसरं काहीही न घालता. पडलेल्या समांतर टेस्ट आधी बघा. आणि व्ही := व्ही या ओळी पुसायला गोलँगसीआय-लिंट या कोड तपासणाऱ्या साधनातला 'कॉपीलूपव्हार' मदत करतो, पण त्या ओळ 1.22 वर गेल्यानंतरच पुसा. काही फाइल जुन्या ओळीच्या दुसऱ्या मॉड्यूलमध्ये उचलून नेण्याचा बेत असेल, तर त्यांतल्या राहू द्या. तिथे त्या अजून काम करतात.